विश्लेषण : पायाची धमनी बंद झाल्यास बायपास की अँजिओप्लास्टी? दोन मोठ्या चाचण्यांची उत्तरे उलट का आली?

पायाच्या अंगठ्याला चप्पल चावते, छोटीशी जखम होते आणि महिना उलटला तरी ती भरत नाही. रात्री पाय इतका ठणकतो की तो पलंगाखाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. तपासणीत कळते की पायाकडे रक्त नेणारी धमनी बंद झाली आहे. एक डॉक्टर म्हणतात, फुगा घालून धमनी मोकळी करू. दुसरे म्हणतात, बायपास करावा लागेल. तिसरे थेट पाय कापण्याची शक्यता बोलून दाखवतात. निर्णय मात्र घरच्यांना दोन-तीन दिवसांत घ्यायचा असतो.

यातला नेमका कोणता उपचार चांगला, हे ठरवण्यासाठी अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सरकारी निधीतून दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे अवघ्या साडेपाच महिन्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. एकीने बायपासला कौल दिला, दुसरीने फुग्याला. असे का झाले, आणि रुग्णाने त्यातून काय घ्यायचे?

पायाची धमनी बंद का होते?

हृदयाच्या धमन्यांत जसा मेद आणि कॅल्शियमचा थर साचतो, तसाच तो पायाच्या धमन्यांतही साचतो. तंबाखू आणि मधुमेह ही त्याची दोन सर्वांत मोठी कारणे. उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचा आजार आणि वय ही त्यात भर घालतात.

अडथळा कुठे आहे, याला फार महत्त्व असते. तो ढोबळमानाने तीन ठिकाणी असतो : पोट व कंबरेच्या भागात, मांडीत आणि गुडघ्याखाली. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वरच्या भागातले अडथळे अधिक दिसतात. मधुमेहात अनेकदा गुडघ्याखालच्या बारीक धमन्या कडक होऊन बंद होतात. काही तरुण धूम्रपान करणाऱ्यांना ‘बर्जर’ नावाचा वेगळा आजार होतो. त्यात हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात. तिथे बायपाससाठी पुढे चांगली धमनीच उरत नाही, त्यामुळे तंबाखू पूर्ण सोडणे हाच मुख्य उपचार ठरतो.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते का?

नाही. थोडे चालले की पोटरीत गोळा येणे, थांबले की दोन-चार मिनिटांत बरे वाटणे आणि पुन्हा चालले की तेच होणे, ही या आजाराची पहिली पायरी. या टप्प्यावरच्या बहुतेकांचा पाय जाण्याचा धोका कमी असतो. तंबाखू बंद करणे, रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, साखर व रक्तदाबावर नियंत्रण आणि नियमित चालण्याचा व्यायाम हा इथला पहिला उपचार. दुखू लागेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीनदा, निदान १२ आठवडे केले की न थांबता चालता येणारे अंतर वाढते. एवढे करूनही कामधंदा अडत असेल, तरच पुढच्या उपचाराचा विचार होतो.

दुसरी पायरी गंभीर आहे. बसल्या जागी किंवा रात्री पाय दुखणे, जखम न भरणे, बोट काळे पडणे म्हणजे पायाला जगण्यापुरतेही रक्त मिळत नाही. इथे रक्तप्रवाह पूर्ववत केला नाही, तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. बायपास की अँजिओप्लास्टी हा वाद मुख्यतः याच रुग्णांबद्दल आहे.

तिसरी स्थिती तातडीची. पाय अचानक दुखू लागतो, गार आणि पांढरा पडतो, बधिर होतो. हे गुठळी अडकल्याचे लक्षण असू शकते. इथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. शेक देत किंवा तेल चोळत बसण्यात पाय गमावला जाऊ शकतो. असा रुग्ण लगेच रुग्णालयात न्यायला हवा.

पर्याय कोणते आहेत?

पहिला पर्याय अँजिओप्लास्टी. जांघेतून बारीक तार आणि नळी धमनीत सरकवली जाते, अडथळ्याच्या जागी फुगा फुगवला जातो आणि गरज पडल्यास स्टेंट बसवला जातो. बहुतेकदा पूर्ण भूल लागत नाही, जखम टाचणीएवढी असते आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. गैरसोय ही की, धमनी पुन्हा अरुंद होण्याची शक्यता जास्त असते. विशेषतः लांबलचक आणि कॅल्शियमने दगडासारख्या झालेल्या अडथळ्यांत.

अनेकांना अँजिओप्लास्टी हा हृदयाचा उपचार वाटतो. प्रत्यक्षात तिची सुरुवात पायापासून झाली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका महिलेच्या मांडीतील अरुंद धमनी नळी सरकवून रुंद केली. तिची बोटे काळी पडली होती आणि पाय कापायला तिने नकार दिला होता. तिचा पाय वाचला. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७४ मध्ये फुगा वापरला, तोही आधी पायाच्या धमनीत. हृदयाची पाळी १९७७ मध्ये आली.

दुसरा पर्याय बायपास. घाटात दरड कोसळल्यावर वळणरस्ता काढावा, तसा बंद धमनीला वळसा घालून रक्तासाठी नवा मार्ग तयार केला जातो. त्यासाठी बहुतेकदा रुग्णाच्याच पायातली लांब शीर वापरली जाते. १९४८ मध्ये फ्रान्समध्ये जाँ कुनलँ यांनी ही पद्धत यशस्वी करून दाखवली. चांगली शीर असेल तर बायपास वर्षानुवर्षे टिकतो. पण ही मोठी शस्त्रक्रिया आहे. तीत भूल, लांब चीर, जखमेला संसर्ग आणि हृदयावर ताण हे धोके आहेत.

तिसरा पर्याय धमनी उघडून आतला थर काढून टाकण्याचा. जांघेतील मुख्य धमनी बंद असेल तर आजही अनेक शल्यचिकित्सक याच पद्धतीला पसंती देतात. अडथळे एकाहून अधिक ठिकाणी असतील, तर जांघेत ही शस्त्रक्रिया आणि वर किंवा खाली फुगा असा मिश्र उपचारही एकाच वेळी करता येतो. पोट व कंबरेच्या भागातील बहुतेक अडथळ्यांसाठी आता आधी स्टेंटचा विचार होतो. खरा पेच आहे तो जांघेच्या खाली.

अमेरिकी चाचणीने काय दाखवले?

‘बेस्ट-सीएलआय’ ही चाचणी अमेरिका, कॅनडा, फिनलंड, इटली आणि न्यूझीलंड या देशांतील १५० केंद्रांवर झाली. पाय धोक्यात आलेले १,८३० रुग्ण तीत होते. निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

रुग्णांचे आधीच दोन गट करण्यात आले. पहिल्या गटात पायातली लांब शीर चांगल्या स्थितीत असलेले १,४३४ रुग्ण होते. त्यांच्यापैकी निम्म्यांवर बायपास, निम्म्यांवर अँजिओप्लास्टी करायची, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवण्यात आले. मोजायचे होते ते असे : किती जणांचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला, किती जणांवर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागली किंवा किती जणांचा मृत्यू झाला.

यापैकी काही ना काही घडलेल्यांचे प्रमाण बायपास गटात ४२.६ टक्के, तर अँजिओप्लास्टी गटात ५७.४ टक्के होते. पुन्हा मोठा हस्तक्षेप लागण्याचे प्रमाण ९.२ विरुद्ध २३.५ टक्के, तर पाय घोट्याच्या वर कापावा लागण्याचे प्रमाण १०.४ विरुद्ध १४.९ टक्के होते.

दुसऱ्या गटात चांगली शीर नसलेले ३९६ रुग्ण होते. त्यांच्या बायपाससाठी कृत्रिम नळी किंवा दुसरीकडची शीर वापरावी लागणार होती. इथे मात्र प्रमाण ४२.८ विरुद्ध ४७.७ टक्के राहिले. हा फरक योगायोगानेही आला असू शकेल इतका कमी होता. म्हणजे बायपासचा फायदा मुख्यतः चांगल्या शिरेवर अवलंबून होता.

ब्रिटिश चाचणीत चित्र उलटे कसे झाले?

‘बेसिल-२’ ही चाचणी ब्रिटन, स्वीडन आणि डेन्मार्कमधील ४१ केंद्रांवर झाली. निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये आले. रुग्ण होते ३४५, आणि सगळ्यांच्या गुडघ्याखालच्या धमन्यांवर उपचार करणे गरजेचे होते. इथे मोजमाप वेगळे होते : पाय कापावा लागला का, किंवा रुग्णाचा मृत्यू झाला का. पुन्हा केलेला उपचार या मुख्य हिशेबात धरलाच नव्हता.

बायपास गटात १७२ पैकी १०८ जणांबाबत, म्हणजे ६३ टक्के रुग्णांबाबत, यातले एक घडले. अँजिओप्लास्टी गटात १७३ पैकी ९२, म्हणजे ५३ टक्के. पाय कापावे लागण्याचे प्रमाण दोन्ही गटांत साधारण सारखेच होते. फरक पडला तो मृत्यूंमुळे. बायपास गटात ५३ टक्के, तर अँजिओप्लास्टी गटात ४५ टक्के रुग्ण पाठपुराव्याच्या काळात दगावले.

मग खरे कोणाचे?

दोघांचेही. कारण दोन्ही चाचण्यांनी एकच प्रश्न विचारला नव्हता.

पहिला फरक मोजमापाचा. अमेरिकी चाचणीत बायपासला मिळालेली आघाडी मोठ्या प्रमाणात ‘पुन्हा मोठा हस्तक्षेप लागला नाही’ यातून आली. तिथे अँजिओप्लास्टी पहिल्याच प्रयत्नात सुमारे ८५ टक्के रुग्णांत यशस्वी झाली. उरलेल्यांपैकी ज्यांना बायपासकडे वळावे लागले, त्यांचा तो बायपास अँजिओप्लास्टीच्या खात्यावर अपयश म्हणून नोंदला गेला. यावर दोन बाजूंनी युक्तिवाद होतो. एक पक्ष म्हणतो, पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येणे हे रुग्णासाठी मोठे संकटच आहे, ते मोजायलाच हवे. दुसरा म्हणतो, फुगा चालला नाही म्हणून बायपास केला आणि पाय वाचला, तर त्याला पाय गमावण्याच्या रांगेत का बसवायचे?

दुसरा फरक रुग्णांचा. ब्रिटिश चाचणीतले सगळे रुग्ण गुडघ्याखालच्या आजाराचे आणि सरासरीने अधिक वयाचे होते. अमेरिकी चाचणीत जांघेच्या खाली कुठेही अडथळा असलेले रुग्ण होते. ज्याचे हृदय आणि मूत्रपिंड आधीच थकलेले आहे, त्याला बायपासचा टिकाऊपणा उपभोगायला पुरेसा काळ मिळेलच असे नाही.

हा धागा जुना आहे. २००५ मध्ये आलेल्या पहिल्या ‘बेसिल’ चाचणीत ४५२ रुग्ण होते. पहिली दोन वर्षे दोन्ही उपचारांत फारसा फरक दिसला नाही. त्यानंतरही जगलेल्या रुग्णांत मात्र बायपास सरस ठरला. म्हणजे ‘रुग्ण पुढे किती वर्षे जगेल’ हा अवघड प्रश्न टाळून या वादाचे उत्तर मिळत नाही.

तिसरी गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते. या चाचण्यांत ज्यांच्यावर दोन्ही उपचार शक्य आहेत, असेच रुग्ण घेतले होते. ज्यांना भूल देणेच धोक्याचे आहे किंवा ज्यांच्या धमनीतून तार पुढे जाणेच शक्य नाही, त्यांच्यासाठी हे आकडे लागू होत नाहीत. दोन्ही चाचण्यांत महिलांचे प्रमाणही कमी होते आणि भारतातले एकही केंद्र नव्हते.

म्हणूनच २०२४ मध्ये आलेल्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी सरसकट एका उपचाराला पसंती दिली नाही. अडथळ्याची रचना, उपलब्ध शीर, इतर आजार आणि रुग्णाची स्वतःची इच्छा पाहून पहिला उपचार ठरवावा, असे त्या सांगतात. त्याआधी २०१९ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनीही हाच क्रम दिला होता : आधी रुग्णाची ताकद, मग पायाची अवस्था आणि शेवटी धमनीचा नकाशा.

शिरेची तपासणी इतकी महत्त्वाची का?

बायपाससाठी शरीरातली शीर ही कृत्रिम नळीपेक्षा सरस असते, विशेषतः गुडघ्याच्या खाली. कृत्रिम नळी गुठळीने बंद पडण्याची आणि तिला संसर्ग होण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे उपचार ठरवण्याआधी सोनोग्राफीवर शीर किती रुंद, किती लांब आणि किती निरोगी आहे हे पाहणे गरजेचे असते. ही तपासणी वेदनारहित असते. तीत सुई नाही, किरणोत्सर्ग नाही.

इथे एक गोष्ट घरच्यांनी आवर्जून सांगायला हवी. हृदयाच्या बायपाससाठीही पायातली हीच शीर काढली जाते. व्हेरिकोज व्हेन्सवरील लेझर उपचारातही हीच शीर बंद केली जाते. यापैकी काही आधी झाले असेल, तर त्या पायातली शीर उपलब्ध नसते आणि दुसरा पाय किंवा हात तपासावा लागतो.

औषध लावलेला फुगा सुरक्षित आहे का?

धमनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून काही फुग्यांना आणि स्टेंटना पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेले असते. डिसेंबर २०१८ मध्ये एका विश्लेषणाने अशा उपकरणांनंतर काही वर्षांनी मृत्यू वाढत असल्याची शंका उपस्थित केली आणि जगभर खळबळ उडाली. अधिक रुग्णांची दीर्घकाळाची माहिती तपासल्यानंतर जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट केले की उपलब्ध माहिती मृत्यूचा धोका वाढतो या निष्कर्षाला दुजोरा देत नाही. मात्र औषधाचा फुगा अधिक महाग असतो. आपल्या अडथळ्यात त्याचा नेमका काय उपयोग, हे विचारणे रास्त आहे.

महाराष्ट्रातील रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. त्यामुळे धमनी बंद होत आली तरी दुखत नाही, खडा टोचला तरी कळत नाही आणि रुग्ण येतो तो थेट काळे बोट घेऊन. आणखी एक फसवणूक तपासणीत होते. पाय आणि हाताच्या रक्तदाबाची तुलना करणारी साधी चाचणी मधुमेहात चुकीने ‘सामान्य’ दिसू शकते, कारण कडक झालेली धमनी दाबलीच जात नाही. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजणे किंवा डॉपलर करणे अधिक भरवशाचे.

दुसरा प्रश्न दाराचा. पायाची अँजिओप्लास्टी हृदयरोगतज्ज्ञ, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आणि व्हॅस्क्युलर सर्जन असे तिघेही करतात. बायपास मात्र मुख्यतः व्हॅस्क्युलर सर्जन करतात आणि ते प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. त्यामुळे रुग्ण कोणत्या दारातून आत गेला, यावर त्याला कोणता उपचार सुचवला जातो हे ठरण्याचा धोका असतो. जिथे फुग्याचीच सोय आहे तिथे फुगा सुचतो. जिथे दोन्ही नाही, तिथे पाय कापणे हाच सोपा मार्ग वाटू शकतो. पण सर्व पर्याय तज्ज्ञांच्या पथकाने तपासल्याशिवाय पाय कापू नये, असे मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. अपवाद जीवघेण्या संसर्गाचा. तिथे आधी जीव वाचवावा लागतो.

खर्चाचा प्रश्नही तितकाच मोठा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. आपली प्रक्रिया योजनेत बसते का आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात होते, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधीच विचारून घेता येते. अँजिओप्लास्टी सुरुवातीला स्वस्त वाटली, तरी ती पुन्हा करावी लागल्यास हिशेब बदलतो, हेही धरून चालावे.

डॉक्टरांना काय विचारावे?

अडथळा नेमका कुठे आहे आणि किती लांब आहे? बायपाससाठी पायातली शीर तपासली का? या रुग्णाचे हृदय आणि मूत्रपिंड मोठी शस्त्रक्रिया सोसतील का? आधी अँजिओप्लास्टी केली आणि ती टिकली नाही, तर नंतर बायपास शक्य राहील का? पाय कापण्याचा सल्ला असेल, तर त्याआधी अँजिओग्राफी झाली आहे का आणि व्हॅस्क्युलर सर्जनने पाय पाहिला आहे का?

या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर ‘बायपास चांगला की फुगा’ हा प्रश्न आपोआप ‘या पायासाठी, या माणसासाठी काय’ असा होतो. चांगली शीर असलेल्या, अजून बरीच वर्षे हिंडण्या-फिरण्याची शक्यता असलेल्या रुग्णाने बायपासचा पर्याय कापाकापीच्या भीतीने झटकू नये. ऐंशीच्या घरातल्या, हृदय कमजोर असलेल्या रुग्णासाठी फुगा ही तडजोड नसून योग्य निवड असू शकते.

उपचार झाला म्हणजे संपले का?

नाही, आणि ब्रिटिश चाचणीतले मृत्यूचे आकडे हेच सांगतात. पायाची धमनी बंद होते तेव्हा हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बहुधा त्याच वाटेवर असतात. बायपास किंवा स्टेंट केवळ एका अडथळ्याचा इलाज करतो, आजाराचा नाही. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि स्टॅटिन डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत. तंबाखू कोणत्याही रूपात नको. ठरलेल्या तारखांना डॉपलर करून घ्यावी, कारण अरुंद होत चाललेला बायपास बंद पडण्याआधी कळला तर वाचवता येतो.

आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि टाचा उजेडात नीट पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरातल्या कोणाला पाहायला सांगावे. अनवाणी चालू नये आणि कुरूप घरी ब्लेडने कापू नये. मधुमेहात दोन आठवड्यांत न भरलेली पायाची जखम ही मलम बदलण्याची वेळ नसते. धमनी तपासण्याची असते.